पान एकशे बारावरची बाई

प्रिय डॉक्टर एस्केनासी,

बुधवार, १४ मे, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कोर्रिएन्तेस रस्त्यावरच्या पुस्तकांच्या दुकानात मी तुमचं नवं पुस्तक उघडलं आणि पान एकशे बारावर मलाच मी भेटले. अकरा वर्षं, आठवड्यातून तीनदा, मी तुमच्या कोचावर पडून छताशी बोलत होते. मागे तुमचं पेन कुरकुरायचं. वाटायचं, निदान कुणीतरी लिहून ठेवतंय.

मला, गणिताच्या निवृत्त बाईला, तुम्ही कोर्दोबाची पियानो शिक्षिका केलंत. ते चालेल. पेशंट ओळखू येऊ नये म्हणून तुम्ही मनोविश्लेषक लोक गाव आणि पेशा बदलता, हे ब्वेनोस आयरेसमध्ये भाजीवाल्यालाही ठाऊक आहे. पण पुढे लिहिलंत, सतराव्या वर्षी मठाच्या शाळेत तिला झालेली मुलगी ‘कधी जन्मलीच नव्हती, एकाकी बाईने ती मनात वाढवली होती.’

माझी मैत्रीण ओफेलिया म्हणते, “अगं, तुला लपवायलाच बदललं असेल. सभ्य माणूस आहे तो.” मी म्हटलं, “लपवायचं तर माझं नाक बदलायचं. पोर कशाला पुसली?”

मठातल्या सिस्टर इनेसने बाळ माझ्या हातातून घेतलं. सकाळी म्हणाली, “गेलं ते. प्रार्थना कर.” पुढे घरात कुणी विषयच काढला नाही. चाळीस वर्षांनी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “मला हे खरं वाटतं.” त्या रात्री मी गोळी न घेता झोपले.

आता ऐका. मार्चमध्ये रोसारियोहून मिर्ना नावाच्या बाईचा फोन आला. वय एकोणपन्नास, आवाज थेट माझ्या आईचा. मठातल्या एका म्हाताऱ्या नर्सने मरण्याआधी तिला तिची आई म्हणून माझं नाव सांगितलं होतं. याआधी दोन बायकांनी आई म्हणवून तिला फसवलंय, म्हणून तिने पुरावा मागितला. माझ्याकडे कागद नाही. साक्षीदार म्हणून मी अभिमानाने तुमचं नाव दिलं. तिने तुमचं पुस्तक विकत घेतलं. पियानोने ती फसली नाही. बाकी सगळं मी सांगितलं तसंच होतं. काल म्हणाली, “बाई, तुमचे डॉक्टरच म्हणतात मी जन्मलेच नाही. मग मी रक्त कशाला देऊ?” परवापर्यंत ती मला एर्सिलिया म्हणायची.

शनिवार, २४ मे, सकाळी आठला आम्हा दोघींना आई-मुलीचं नातं ठरवणाऱ्या रक्ततपासणीला बोलावलंय. मुलगी खरी आहे हे तुम्ही ऐकलंत, मानलंत आणि छापताना बदललंत, एवढं स्वतःच्या हाताने लिहून, सही करून शुक्रवार, २३ मे, दुपारी बारापर्यंत माझ्या दारात पोचवा. तुमच्या खोलीत गप्प राहणं हेही उत्तर धरलं जायचं. या वेळी मी ते धरणार नाही.

तुमचीच,
एर्सिलिया बाल्दिनी