फिटलेल्या कर्जाची दवंडी परत घेण्याबाबत

प्रति,
मा. वसुली अधिकारी साहेब,
शेती कर्ज वसुली कचेरी,
नवीन जिल्हा लातूर.

अर्जदार : शेषेराव बिरादार, मौजे येळंबवाडी, ता. उदगीर.

विषय : थकबाकीदार म्हणून माझे नाव दवंडीने पुकारले, ते दवंडीनेच परत घेण्याबाबत.
संदर्भ : जुन्या जिल्ह्यात मिळालेला बेबाकीचा दाखला.

महोदय,

सुरुवात आनंदाच्या बातमीने करतो. मी सरकारचे काही देणे लागत नाही.

१. व्यंकटरावाच्या विहिरीला पाणी लागले, म्हणून आम्ही तिघा शेजाऱ्यांनी कर्ज काढून तिच्या आसपास विहिरी पाडल्या. झरा एकच निघाला. आता विहिरी चार आहेत, पाणी कोणालाच नाही, आणि दुष्काळ पडल्यामुळे दोष द्यायची सोय झाली आहे. मी हाळीच्या बाजारात बैलजोडी विकून कर्ज फेडले व सर्व फिटल्याचा, म्हणजे बेबाकीचा, दाखला घेतला.

२. पुढे जिल्हा फुटला. थकबाकीदारांची यादी नव्या कचेरीत आली. माझ्या पावतीला मात्र जुनाच जिल्हा मानवला असावा. गेल्या बाजारच्या दिवशी कोतवाल दगडोबाने हलगी वाजवून यादी पुकारली. माझ्या दारापुढे तो अंमळ जास्त थांबला, कारण तेथे चहा मिळतो. मी दाखला पुढे केला. तो म्हणाला, "मालक, मला वाचता येत न्हाई, वाजवता येतंय."

३. कर्ज खरोखर होते तेव्हा गावात माझी पत होती, फिटल्यावर गेली. धान्यावर वर्षभर दाढी करणारा न्हावी आता रोख मागतो. यादीत माझ्याही वर असलेला व्यंकटराव रोज सांत्वनाला येतो, "आता आपुन एका पंगतीतले" म्हणतो आणि तंबाखू घेऊन जातो.

४. मुख्य तक्रार पुढेच आहे. माझी मुलगी जगदेवी हिची सोयरीक देगलूरकडील माणिकप्पांच्या घरी ठरली आहे. दवंडीच्या वेळी ते पारावरच बसले होते. आता त्यांचा निरोप येतो, "पोरगी पसंत हाय, पर हलगी कानातून जात न्हाई." मी दाखला घेऊन गेलो. ते म्हणाले, "कागद तुमच्या खिशात हाय, दवंडी समद्यांनी ऐकली. माझ्या भावकीला काय तुमचा खिसा दाखवू?" माणूस बरोबर बोलला, म्हणूनच हा अर्ज. लग्नासाठी विणलेले तोरण जगदेवी रोज थोडे थोडे उसवते.

५. तरी त्याच दगडोबाने, त्याच गल्ल्यांतून, तेवढ्याच आवाजात "शेषेराव बेबाक हाय" असे पुकारावे. माझ्या दारापुढे तेवढेच थांबावे, चहा देईन. नुसते पत्र पाठवू नये, कागद माझ्याजवळही आहे. माणिकप्पांना मी पारावर आणून बसवतो. लग्न अक्षय्य तृतीयेस धरले आहे. बैल गेल्यामुळे वाजंत्री परवडत नाही, तेव्हा दवंडी झाल्यावर दगडोबाने लग्न होईपर्यंत हलगी घरी नेऊ नये, अशी तोंडी आज्ञा व्हावी. वरात तिच्यावरच काढतो.

तोरण शिल्लक आहे तोवर हुकूम व्हावा.

आपला बेबाक अर्जदार,
शेषेराव बिरादार
११ एप्रिल १९८३

सोबत :
१. दाखल्याची नक्कल. अस्सल देत नाही. जिल्हा पुन्हा फुटला तर लागेल.
२. लग्नपत्रिकेचा कच्चा मजकूर. छपाई आपल्या हुकमानंतर.