ठिपका वर चढत नाही

३ मार्च, सकाळी ६.१०
कन्या सहा आठवड्यांसाठी कामावर गेली. पूल तपासते, लांबलांबचे. जाताना तिचा कोळी माझ्या ताब्यात दिला. टॅरंटुला. पण अजून पिल्लूच, माझ्या करंगळीच्या नखाएवढं. नाव ठिपका. जात झाडावर राहणारी. उभा पारदर्शक डबा, तळाला चार बोटं माती, सालीचा एक तिरका तुकडा, वर प्लॅस्टिकचं पान.
फ्रिजवर सूचनांचा कागद. कडेला दोन थेंब पाणी. आठवड्याला एक छोटा रातकिडा. बाकी काहीही करू नये. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा. ती ओळ सामान्य माणसांसाठी असावी. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली आहे.
नववीत तिनं उंच उडी सोडली. त्यानंतर माझ्यावर विश्वासानं सोपवलेली ही पहिलीच गोष्ट. परत येईल तेव्हा थक्क व्हायला हवी.

५ मार्च
ठिपका झाडावरचा. ठिपका जमिनीखाली. कालपासून सालीच्या बुडाशी खणतोय. जाळ्याला मातीचे कण चिकटवून बोगदा केलाय. वर अख्खी साल रिकामी.
निदान: आळस. अशी मुलं दरवर्षी दोन-तीन असायची.

६ मार्च
प्राण्यांच्या दुकानदाराला फोन. म्हणाला, काका, लहानपणी खालीच राहतात ते. खणतात, लपतात. मोठे झाले की आपोआप जातात वर. आपोआप! आपोआप काही होत असतं तर मला अठ्ठावीस वर्षं पगार कशाचा मिळाला? माणूस चांगला आहे, पण शेवटी दुकानदार.

९ मार्च, सकाळी ७
प्रशिक्षणाला सुरुवात. टूथपिकांची शिडी केली, अकरा पायऱ्या. नवी वही सुरू केली. रकाने: तारीख, उंची, वेळ, शेरा.
शिट्टी वाजवली. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, अहो, त्याला कान नाहीत. तेवढ्यात ठिपका बोगद्यातून सुटला तो थेट झाकणापर्यंत! वहीत लिहिलं: उंची १४ सें.मी., वेळ एक सेकंद, शेरा उत्तम. बायकोच्या मते तो घाबरला. तिनं आयुष्यात कधी शर्यत लावलेली नाही.
दुपारी पाहिलं. ठिपका परत खाली. बोगदा आणखी खोल.

१४ मार्च
रातकिडा सोडला. रातकिडा शिडीवरून सरसर वर गेला, पानावर बसला, उतरला, परत चढला. कोणी शिकवलं नाही, काही नाही. पोरात गुण आहेत.
ठिपक्यानं पाहिलंसुद्धा नाही. (कोणाला कोणाच्या तोंडी देतोय आपण, असा विचार मनात आला. झटकला.)

१८ मार्च
कन्येचा व्हिडिओ कॉल. डबा असा धरला की शिडी दिसू नये. प्रगती समाधानकारक आहे म्हणालो. तिनं विचारलं, प्रगती कसली बाबा? नेमकं तेव्हाच नेटवर्क गेलं. म्हणजे मी घालवलं.

२२ मार्च, दुपारी ४
त्यानं दार लावून घेतलंय. बोगद्याचं तोंड मातीनं बंद. आठ दिवस उपाशी. ही सरळ अवज्ञा.
रातकिडा छतावर येरझाऱ्या घालत होता. बाहेर काढला. आता चमचा घेतो. हळूच वरची माती बाजूला करायची आणि त्याला सालीवर ठेवायचं. एकदा वरची हवा लागली की गोडी लागते.

२२ मार्च, ५.२०
ठिपका गेला.
अर्धा बोगदा उघडला तर आत उताणा, पाय वर. चमच्याचा धक्का लागला होता. घाईनं चमचा काढताना आणखी एक लागला.
तिला काय सांगू? वाक्यं जुळवली. ‘वयोमानानुसार’ हे बसत नाही.

२२ मार्च, ५.४५
बायको आली. डब्यात पाहिलं, मग माझ्याकडे. फ्रिजवरचा कागद काढून उलटा केला. मागेही मजकूर! ‘आई, उताणा दिसला तर मेलेला नाही, कात टाकतोय. डबा हलवू नका, स्पर्श नको. बाबांना लगेच सांगू नकोस.’
शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

२३ मार्च
कालपासून डब्यासमोर खुर्ची टाकून बसलोय. काहीही न करणं इतकं दमवणारं असतं, कल्पना नव्हती. बायको चहा ठेवून गेली. जाताना चमचे घेऊन गेली.

२४ मार्च, सकाळी
जिवंत! बाजूला सुरकुतलेली रिकामी कात, आणि तो फिकट, मऊ, थोडा मोठा. मला भरून आलं. बदलत्या हवेनं खोकला झालाय, असं बायकोला सांगितलं.
मग पाय मोजले. सात. चष्मा पुसून परत मोजले. सात.

२५ मार्च
सुरुवातीला मी मोजले नव्हते. कदाचित आधीपासून सातच असतील. ही शक्यता बायकोपुढे मांडली. तिनं फोनमधला तीन तारखेचा फोटो दाखवला. आठ.

४ एप्रिल
शिडी काढली. पाणी दोन थेंब. मी लांबच बसतो.
आज सकाळी ठिपका सालीच्या शेंड्यावर! सात पायांनी. पान आणि झाकण यांच्यामध्ये जाळं विणतोय. खाली परतायचं नाव नाही. मुळात पाया मीच घातला होता, असं वहीत लिहिलं. संध्याकाळी खोडलं. पेन्सिलनंच खोडलंय, अजून वाचता येतं.

१४ एप्रिल
कन्या आली. माझं भाषण तयार होतं. तिनं डबा उचलला, एका नजरेत पाय मोजले आणि माझ्याकडे पाहिलं. भाषण कुठल्या कुठे. म्हणालो, चमचा लागला. माझ्या हातून.
ती म्हणाली, येईल परत. पुढच्या एक-दोन काती टाकल्या की पाय येतो त्यांना.
मग तिनं वही मागितली. रातकिड्याच्या पानावर इतकी हसली की आईलाही बोलावलं. शिट्टीच्या पानावर बोट ठेवलं. म्हणाली, बाबा, माझीही एक वही होती ना अशी? हिरवी. गुडघा दुखतो म्हणून मी तुम्हाला तीनदा सांगितलं होतं. तुम्ही त्यात काय लिहायचात?
आठवत नाही म्हणालो. ती बरं म्हणाली आणि डबा घेऊन तिच्या घरी गेली.

१५ एप्रिल, सकाळी १०
माळ्यावरून हिरवी वही काढली. तीन तारखा, तिन्ही माझ्याच अक्षरात: ‘कारणे सांगते. दुर्लक्ष करणे.’
मग मुद्दे लिहून काढले, पाच, आणि फोन लावला. पहिला मुद्दा: गुडघा कसा आहे?
ती म्हणाली, बाबा, चौदा वर्षं झाली. आणि कुठला, डावा की उजवा?
फोन कानाला तसाच धरून वही चाळली. पुढून, मागून. उड्यांच्या उंच्या अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत लिहिल्यात.
कुठला ते लिहिलेलंच नाही.