अचलपूरची चाल

आई, सध्या मी काय काय ऐकते आहे ते तुला सांगायचं आहे. दुसऱ्या कोणाला सांगायला गेलं की ते आधी माझ्या कानांची चौकशी करतात आणि गाणं बाजूला राहतं. कान चालले आहेत, हे खरं. डावा बराचसा गेला, उजवा त्याच्या मागोमाग निघाला आहे. इथे अमरावतीत डॉक्टरीणबाईंनी काचेच्या खोलीत बसवलं, कानाला तो मोठा हेडफोन लावला आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. मी बराच वेळ बटण हातात धरून शहाण्यासारखी बसून राहिले. मला वाटलं, बाईंनी अजून सुरूच केलं नाही. बारीक, उंच आवाज आधी जातात म्हणे. बांगड्या, चिमण्या, कुकरची शिट्टी. शिट्टीचं तर मला डाळ करपली तेव्हाच कळलं होतं. जाडे, खालचे आवाज मात्र पुष्कळ दिवस सोबत करतील, असं त्यांनी सांगितलं आणि कानात घालायचं यंत्र दिलं. ते घातलं की माणसं बोललेली कळतात, पण गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं येतं. म्हणून गाणं ऐकताना मी ते काढून ठेवते.

दुपारी जेवणं आटोपली की दिवाणावर आडवी होते. उजवा कान वर, त्यावर लेकीने पुण्याहून पाठवलेला हेडफोन, आणि मोबाइल उशीशी. गेल्या महिन्यापर्यंत काय ऐकू याला काही धरबंद नव्हता. एकदा एक सारंगी लावली होती. वाजवणारा कोण ते मी पाहिलंच नाही, डोळे मिटलेले होते. ती सारंगी इतकी हळू चालली होती की मधेच मला वाटलं, थांबली, आणि मी पण तिच्याबरोबर थांबले. जाग आली तेव्हा उन्हाची तिरीप भिंतीवरून जमिनीवर आली होती आणि सारंगी अजून तिथेच होती. कधी एका म्हाताऱ्या बाईंची ठुमरी ऐकायची. त्यांचे दात गेलेले असावेत, शब्द अर्धेच येतात, पण त्या अर्ध्यातच काय ते सगळं असतं. आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशातलं एक तंतुवाद्य सापडलं, अगदी आपल्याकडे दारोदार किंगरी वाजवत जोगी यायचे ना, तसं. मोबाइल स्वतःच्या मनाने पुढचं गाणं लावतो. नात येऊन गेल्यापासून त्याला वाटतं की मी तीन वर्षांची आहे, त्यामुळे ठुमरीनंतर एकदम हत्तीचं बालगीत यायचं. मी तेही ऐकून घ्यायची. अकोल्यात नळ आला की आपण बादल्या, तपेली, पातेली आणि शेवटी तांबेसुद्धा भरून ठेवायचो, पुढचं पाणी कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून. तसंच माझं चाललं होतं.

पण खरं सांगू, या सगळ्या ऐकण्यात मी तुझा आवाज शोधत होते. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते. आपल्या घरी टेपरेकॉर्डर आला तो त्यानंतर. तुझे दोन फोटो आहेत, एक नऊवारी आहे, हातची एक गोधडी आहे, आवाज कुठेच नाही. तू काय काय म्हणायचीस ते मला शब्दन् शब्द आठवतं, पण आठवताना ते माझ्याच आवाजात येतं. इतकी वर्षं याचं काही वाटलं नव्हतं. आता कान चालले तशी धास्ती बसली की हे दार लागायच्या आधी तुझा आवाज एकदा तरी सापडला पाहिजे. नंतर तो समोर येऊन बोलला तरी मला कळणार नाही. म्हणून बाईमाणसाचा कुठलाही जरा जाडसर आवाज लागला की मी कान टवकारायची. हा आहे का? थोडा आहे. नाही, हा नाही.

आणि गंमत अशी की शोधत होते गाण्यात, आणि तू तर आपल्या घरातली ठरलेली बेसूर! बाबा म्हणायचे, ‘तुई माय गायला लागली का बाजूवाल्याची म्हैस दूध चोरते.’ तूही हसायचीस. तू गायचीस ती फक्त पाणी यायचं त्या दिवशी, न्हाणीत टाकी भरताना. नळाची धार टाकीच्या पत्र्यावर आदळायची आणि त्या आवाजाच्या आड तुझं सुरू व्हायचं. मी पायरीवर बसलेली आहे, फ्रॉकचा घेर ओला झालेला आहे. तुझी पाठ दिसते, पदर कमरेला खोचलेला, केसांतून पाणी ठिबकतं आहे. टाकी भरत जाते तसा धारेचा आवाज बदलत जातो, आणि त्यातून मधे मधे तुझी एखादी ओळ वर येते आणि पुन्हा बुडते. मग तू वळून म्हणतेस, ‘काहून वं, झोपली का तिकडं? बादली सरकव, पाणी जाऊन राहिलं.’ इथवर मला सगळं दिसतं. ओठ हलतात. आवाज तेवढा येत नाही.

तू नळाआड कशी गेलीस, तेही मला आठवतं. भाद्रपदाची पौर्णिमा झाली की गल्लीतल्या पोरींचा महिनाभर भुलाबाईचा धिंगाणा असायचा. रोज संध्याकाळी टिपऱ्या घेऊन एकेकीच्या घरी जायचं, मातीच्या भुलाबाईपुढे गाणी म्हणायची, आणि शेवटी त्या घरच्या बाईने डबा हलवला की नुसत्या आवाजावरून आतला खाऊ ओळखायचा. तू डबा हलवायच्या आधी खाऊ फडक्यात गुंडाळायचीस, त्यामुळे आपल्या घरी पोरी हटकून हरायच्या. त्या दिवशी आपल्या ओसरीवर गाणी चालली होती आणि तूही सुरात सूर मिसळलास. ओळ संपता संपता पोरींचा आवाज वर जायचा, आणि तुझा नेमका तिथे खाली घसरायचा, आणि घसरून तिथेच जरा रेंगाळायचा. टिपऱ्या पुढे निघून जायच्या, तू मागे. पोरी एकमेकींकडे बघून खिदळायला लागल्या. समोरच्या काकूंनी, त्याच सगळ्यांना शिकवायच्या, सरळ सांगून टाकलं, ‘अवो वैनी, तुमी आपल्या टाळ्या वाजवा. तुमच्यापायी पोरी चुकून राहिल्या.’ तू म्हणालीस, ‘बरं वो बाई, टाळ्या तं टाळ्या.’ आणि खरंच टाळ्या वाजवल्यास, शेवटच्या गाण्यापर्यंत. चेहरा हसराच होता. तेव्हा मला वाटलं होतं की तुला काही लागलं नाही.

यंदा अचलपूरहून मामाच्या मुलीचा फोन आला. भुलाबाईचा शेवटचा दिवस आहे, कोजागिरीला ये. मी कानांचं सांगितलं, तर म्हणते, ‘कान गेले, पाय तं हायेत ना?’ तुझ्या माहेरच्या लोकांपुढे कोणाचं काय चालणार! एसटीत खिडकीशी बसले. यंत्र पिशवीत ठेवलं होतं, त्यामुळे गाडीची नुसती घरघर अंगातून जात होती, माणसं तोंडं हलवत होती, आणि बाहेर कपाशीला बोंडं धरलेली काळी वावरं मागे सरकत होती. पाण्याखालून प्रवास करावा तसं वाटत होतं. मामाच्या अंगणात ज्वारीच्या धांड्यांचा मखर उभा केला होता, आत भुलाबाई आणि भुलोजी रंगवून बसवलेले. पोरी थोड्या आणि बायाच जास्त. हल्ली पोरींना क्लास असतात. मला पुढे, एका म्हातारीच्या शेजारी बसवलं. यंत्र कानात घातलं, तर टिपऱ्यांचा नुसता खडखडाट डोक्यात शिरला. काढून टाकलं. मग गाणं सुरू झालं. तेच गाणं, आपल्या ओसरीवरचं. मला ते अर्धंमुर्धंच ऐकू येत होतं, जाड जाड तेवढं. आणि ओळ संपत आली तिथे, आई, सगळ्याजणी एकदम खाली घसरल्या. एकूण एक. घसरल्या आणि तिथेच जरा रेंगाळल्या. टिपऱ्याही थांबल्या त्यांच्यासाठी. मग निवांत पुढची ओळ.

मला आधी वाटलं, माझेच कान दगा देत आहेत. दुसऱ्या ओळीला पुन्हा तेच. तिसऱ्या ओळीला घसरायच्या जागी मी आधीच कान लावून थांबले. कारण ते घसरणं मला ठाऊक होतं. न्हाणीतल्या पायरीवर बसून कितीतरी वेळा ऐकलेलं. तू चुकत नव्हतीस. तू अचलपूरची चाल म्हणत होतीस, आणि आम्ही अकोल्याच्या चालीची पट्टी लावून तुला आयुष्यभर बेसूर ठरवलं.

गाणं संपल्यावर मी शेजारच्या म्हातारीच्या तोंडाशी कान नेऊन विचारलं, ही चाल अशीच आहे का? तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विचारलं, पाणी ओलं असतं का. मामेबहिणीने तिला माझी ओळख सांगितली, तुझं नाव घेतलं. म्हातारीने माझी हनुवटी धरली. ‘तिची पोरगी व्हय तू? अवं, याच आंगनात थे पुढं म्हने अन् आमी समद्या मागं. थे उचले, मंग आमी धरो. तिच्यासारखं खाली कोनालेच जाता ये ना.’ मग सहज विचारावं तसं तिने विचारलं, ‘अकोल्याले गेल्यावर गाये का नाही मंग?’

मी म्हणाले, गायची. नळावर.

‘नळावर? एकटी?’

मी मान हलवली. म्हातारीने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. डब्यात काय आहे ते ओळखायची वेळ आली होती, पोरी ओरडत असाव्यात, मला काही ऐकू येत नव्हतं. मला तुझा राग आला. तू सांगितलं का नाहीस? एकदा म्हणायचं होतंस, आमच्याकडे असंच म्हणतात. आपल्या ओसरीवर, आपल्या भुलाबाईपुढे, एवढं एक वाक्य. अचलपूर ते अकोला काही सातासमुद्रापार नाही. पण सासरी आलेल्या बाईची चाल कोण विचारतं, हेही मला कळतं. तुझ्या हातची कढी सगळ्यांना आवडायची, ती मात्र अचलपूरचीच होती आणि तिला कोणी नावं ठेवली नाहीत.

निघताना मी म्हातारीला ते गाणं एकटीने म्हणायला लावलं आणि मोबाइलवर भरून घेतलं. ती लाजली नाही, ओढा बघायला उभं राहावं तशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली. आता दुपारी मी दुसरं काही लावत नाही. सारंगी गेली, ठुमरी गेली, हत्ती तेवढा अधूनमधून येतो. डोळे मिटायचे आणि ते खाली खाली जाणारं गाणं ऐकायचं. माझ्या कानांत जेवढं उरलं आहे, त्यात ते बरोबर मावतं. म्हणून बघायचाही प्रयत्न करते. शेवटाला आले की माझा गळा आपोआप वर जातो, समोरच्या काकूंनी शिकवलं तसा. तुझी चाल मला ऐकू येते, पण गाता येत नाही. याचं वाईट वाटतं.

मागच्या आठवड्यात लेकीला ते गाणं पाठवलं. तिचा लगेच फोन आला. आजी म्हणून तिला फक्त ते दोन फोटो ठाऊक. ‘आई, हे कोण गातंय?’ मी यंत्र घातलेलं होतं, प्रश्न मला स्वच्छ ऐकू आला. आणि मी म्हणाले, ‘तुझी आजी.’ जुनी टेप होती मामाकडे, तिच्यावरून भरून घेतलं, असंही वर सांगून टाकलं. मला फोन धरायला लावून तिने ते पुन्हा एकदा ऐकलं. मग म्हणाली, ‘अगदी तुझ्यासारखा आवाज आहे गं.’ आता ती रोज माझ्या नातीला ते लावून झोपवते. नात म्हणते, पणजीचं गाणं लाव.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, घरात कोणाला दाखवायचं नाही. दाखवलं तर ते खोटं उघडं पडेल, आणि मला ते मोडायचं नाही. तुझा आवाज मला सापडला नाही, आई. आता तू आठवणीत काही बोललीस तरी त्या म्हातारीच्याच आवाजात बोलतेस. तो तुझा नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण दुपारी डोळा लागता लागता त्या आवाजात माझ्या नावाची हाक येते, आणि मी ओ देते.