राणी काय म्हणाली

पाचोरा,
फाल्गुन वद्य पंचमी, शके १८५१

चि. गिरधर यास आईचा आशीर्वाद. सूनबाईचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक. म्हैस आटली, कापूस विकून झाला.

तुझं पत्र पोचलं. त्याचं पुढे लिहिते, आधी चित्राचं ऐक. बाजाराच्या मैदानात सिनेमाचा तंबू आलाय. मधे पडदा, मागूनही चित्र दिसावं म्हणून ओला केलेला, पुढे पुरुष, मागे आम्ही बायका. चित्र मुकं, मधेमधे अक्षरं येतात ती आपल्या गल्लीतला रुपचंद मोठ्यानं वाचतो. मागून सगळं उलटं दिसतं, म्हणून मला येतं तेवढं वाचणंही फुकट. राणी डाव्या हातानं जेवायला लागली तेव्हा शेजारची वच्छला म्हणाली, “हाई बाई डावखुरी शे का वं?” आम्ही किती हसलो.

पण काम काय केलंय त्या बाईनं. राजा तिला घालवून देतो तेव्हा रडत नाही, नुसती बांगडी मागे सारते. त्यातच सगळं आलं. राजा कामाचा नाही, सारखा मिशीला हात, बहुतेक ती सुटत असावी. शेवटी राजा तिला न्यायला मेणा पाठवतो. रुपचंदनं वाचलं, “जशी महाराजांची आज्ञा.” बायकांनी डोळे पुसले. आणि मेणा रिकामाच परत गेला. मी विचारलं तर म्हणतो, “राणी मागून चालत येईल, काकू.” चालत? राजाची राणी?

मला पटेना. दुसऱ्या दिवशी पुढे जाऊन बसले, पुरुषांत. अक्षर अक्षर लावून वाचलं. राणी म्हणते, “महाराजांना सांगा, मी येणार नाही.”

एवढ्या चांगल्या चित्राचा शेवट रुपचंदनं गिळला होता. बायका बिघडतील म्हणे. तुझ्या त्या दोस्तानं, झुलालनं, तुला कळवलं की मी तंबूत ओरडले. ओरडले नाही, वाचलं. पडद्यामागे ऐकू जायचं तर हळू वाचून कसं चालेल?

तू लिहितोस, रुपचंदची माफी माग, तंबूत पाय टाकू नकोस, नाहीतर सुट्टीत बेबाला पाठवणार नाही. नातीची वर्षभर वाट पाहते मी, तुला ठाऊक आहे, म्हणूनच तिथे बोट ठेवलंस. चुलीतला जाळ विझवला. मग लुगडं बदललं आणि तंबूत गेले. आता रोज मीच वाचते. बायकांनी तंबूवाल्याला सांगून टाकलं, धुरपदाबाई वाचतील तर आम्ही येऊ. त्यालाही तंबू भरलेला हवाच.

माफी मागणार नाही. बेबाला पाठवायचं की नाही ते तू बघ, बाप आहेस. नाही पाठवलीस तर मीच धुळ्याला येईन, तुझ्या ओट्यावर बसून तिला ही गोष्ट सांगेन, शेवटासकट. थांबवायचं असेल तर पोरीच्या देखत थांबव.

रागावले आहे, तरी आशीर्वाद आहेच.

तुझी आई,
धुरपदाबाई