मामाचा नैवेद्य आणि गॅसची नळी

आत्याबाई, आज सकाळी तुमची फार आठवण झाली, आणि तीही उंदरामुळे. हा शब्द मी आता बेधडक लिहिते. तुम्ही समोर असता तर जीभ चावली असती. मागच्या मोरीत कपडे धुवायच्या मशीनखाली पाणी साचलं होतं. माझी सून घाबरली, मशीन गेलं म्हणाली, फोन करून माणूस बोलवायला निघाली. मी गुडघ्याला समजावत खाली बसले, पाणी सोडायच्या नळीवरून बोट फिरवलं आणि ओळखीच्या दातांच्या खुणा हाताला लागल्या. म्हटलं, "फोन ठेव. मशीन ठणठणीत आहे. मामा येऊन गेलाय." ती पुण्यात वाढलेली, मला विचारते, "कोणते मामा? आणि मला कसं कळलं नाही?" मग तिला सांगावं लागलं, की या घरात उंदराला उंदीर म्हणायचं नसतं, नाव घेतलं की तो ऐकतो आणि डूख धरून कपडे कुरतडतो, असं तुम्ही सांगून ठेवलंय. ती हसली. मी तुमची सून होऊन आले तेव्हा अशीच हसले होते आणि त्यावर तुमची पहिली बोलणी खाल्ली होती.

पुढचं काय करायचं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. फाटलेली नळी कापून टाकायची, नव्या नळीला बारीक लोखंडी जाळी गुंडाळून तारेनं आवळायची, नळी जमिनीवर लोळू न देता भिंतीला वर बांधायची, आणि जिथून तो आत येतो ते भोक काचेचा चुरा घालून सिमेंटनं बुजवायचं. नुसतं सिमेंट तो दोन पावसाळ्यांत पोखरतो, काचेपुढे मात्र हात टेकतो. जाळीचा तुकडा घरात होताच. स्वयंपाकघरात पाटावर बसून मी तो कात्रीनं कापत होते, तेवढ्यात गॅसवरचं दूध लागलं. सूनच मोरीतून धावत आली, "आई, बाहेरपर्यंत वास आलाय." मी म्हटलं, जाळीच्या नादात राहिलं. तिनं पातेलं उतरवलं, खिडकी उघडली आणि विषय तिथंच संपला.

आत्याबाई, माझ्या माहेरी भोरला गॅस होता आणि मार्गासनीला तुमच्याकडे चूल. मला त्याचा थोडा तोरा होता, हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात ओळखलंत. फुंकणीनं जाळ करताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तुम्ही न बघितल्यासारखं करायचात. पण तुमचा खोकला मी ऐकत होते. भाकरी थापताना तुम्ही मध्येच थांबायचात, तोंडाला पदर लावायचात, आणि ती उबळ ओसरेपर्यंत तव्यावरची भाकरी मी उलटायची. वेल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की धूर बंद केला नाही तर औषधाचा उपयोग नाही. मामंजींनी ते ऐकलं आणि पानाला चुना लावत म्हणाले, "आमच्या आयनं जलमभर चूल फुकली. तिला काय झालं?" तिला काय झालं ते विचारायला ती तेव्हा हयात नव्हती. शेवटी मी ह्यांच्यामागे भुंगा लावला आणि घरात गॅस आला. त्या पहिल्या महिन्यात तुमची छाती इतकी मोकळी झाली, की तुम्ही पुन्हा ओव्या म्हणायला लागलात. मला माझ्या स्वतःच्या कर्तबगारीचा एवढा अभिमान फार थोड्या वेळा वाटलाय.

तुम्हाला मात्र त्या रबरी नळीची काळजी. भादव्यात भातखाचरं पाण्यानं भरली, की शेतातले सगळे मामा आपल्या घरात मुक्कामाला यायचे. मांजर होतं, पण ते दूध पिऊन शेगडीजवळच्या उबेला झोपायचं. त्याच्या अंगावरून मामा गेला तरी ते कान हलवायचं फक्त. मग तुम्ही जुन्या लुगड्याचा काठ उसवून नळीला झबलं शिवलंत. खरंच झबलं, वर नाडीसुद्धा. मी म्हटलं, "आत्याबाई, नळीला थंडी वाजत नाही." तुम्ही म्हणालात, "तुला काय कळतंय? उघड्या वस्तूवर कुनाचीबी नदर जाती." तुम्ही ते इतक्या मायेनं शिवलं होतं, की शेवटी नाडी मीच बांधली. भाकरीच्या पिठाचे हात तुम्ही त्याच झबल्याला पुसायचात, ते मी बघत होते. पण त्याचा अर्थ तेव्हा मला तरी कुठं लागला होता?

तुमचं माहेर घाटाखालचं, महाडकडचं. तिकडची एक रीत तुम्ही सोबत आणली होती. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी गणपतीच्या वाहनाला नैवेद्य. हळदीच्या पानावर भात, भाजी आणि एक मोदक, चुलीमागच्या कोपऱ्यात. "देवाला जेवू घालायचं आन् त्याच्या बैलाला उपाशी ठेवायचं व्हय?" असं तुम्ही म्हणायचात. ते मला पटायचं, अजून पटतं. फक्त त्या वर्षी चूल परसात गेली होती आणि तिच्या जागी ओटा झाला होता. चुलीमागचा कोपरा आता सिलिंडरचा होता. तुम्ही मात्र रीत मोडली नाहीत. संध्याकाळी ओट्याखाली वाकलात, पान सिलिंडरला टेकवून ठेवलंत, वर त्या पिठाळलेल्या झबल्याची नळी लोंबत होती. म्हणजे मामाला जेवण वाढलं आणि हात पुसायला टॉवेलही दिला.

दुसऱ्या दिवशीची सकाळ मला अजून डोळ्यांसमोर दिसते. मी परसातून पाण्याची कळशी घेऊन येते आहे. बाहेरच्या खोलीत गणपती बसलेत, तिथं मामंजी दूर्वा निवडतायत. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाय ठेवते आणि माझ्या नाकात तो सडक्या कांद्यासारखा वास शिरतो. तुम्ही देव्हाऱ्यासमोर पाटावर बसला आहात, खाली, जिथं गॅस साचतो तिथंच. निरांजनात वात घातलीय, डाव्या हातात काड्यापेटी, उजव्या हातात काडी. कळशी कुठं पडली ते मला आठवत नाही. मी तुमचं मनगट धरलं. सासूचं मनगट असं कोण धरतं? तुम्ही वर बघितलंत, रागानं. मी म्हटलं, "आत्याबाई, वास येत नाही का?" तुम्ही म्हणालात, "कसला?"

घर भरून वास होता, आणि तुम्ही खरंच विचारत होतात. चुलीच्या धुरानं आणि मिश्रीनं तुमचं नाक कधीच गेलं होतं, आणि आमटीत मीठमसाला अंदाजानं, सवयीनं पडत होता. मी रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या, तुम्हाला धरून परसात नेलं. सिलिंडरपाशी पान चाटून साफ होतं. झबलं कापलं तर आतल्या नळीला दातांची अख्खी रांग. झबल्याच्या खालच्या उघड्या तोंडातून मामानं मुंडी घातली होती, वरून काठाची नक्षी जशीच्या तशी. चावा दिसला असता तर आदल्या रात्रीच कळलं असतं, पण तुमच्या मायेनं तो झाकला होता.

मामंजी आले, नळी बघितली आणि तिथल्या तिथं निकाल दिला. "सनासुदीचं घर पेटलं असतं. उद्या ही टाकी परत. चूल आत घ्या." तुम्ही पदरात तोंड घालून खोकत होतात. मला कळलं, आता मी जे बोलेन त्यावर तुमची छाती अवलंबून आहे. तुम्हाला वास येत नाही हे मी सांगितलं असतं, तर त्या घरात गॅस पुन्हा कधीच आला नसता. मी म्हटलं, "मामंजी, दोष टाकीचा नाही, मामाचा आहे. नळी बदलू, भोकं बुजवू. पंधरा दिवस बघा, मग मीच परत करते." त्यांनी तुमच्याकडे बघितलं. "तुझं काय म्हननं?" तुम्ही जमिनीकडे बघत म्हणालात, "ऱ्हाऊ द्या. ती हाय की ध्यान द्यायला." आत्याबाई, सात जन्मांचं सर्टिफिकेट मिळालं असतं तरी मला इतका आनंद झाला नसता.

मग आपण दोघींनी कंबर कसली. ह्यांनी भोरहून तारेची जाळी असलेली जाड नळी आणली. सिलिंडर कोपऱ्यातून काढून मोकळ्या जागी, येता-जाता दिसेल असा ठेवला. तुम्ही फुटक्या बरण्या खलबत्त्यात कुटल्यात आणि मी तो चुरा सिमेंटात कालवून भिंतीतली भोकं भरली. नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघायचं, आठवड्यातून एकदा ती कोमट पाण्यानं पुसायची, काम झालं की रेग्युलेटर बंद. नवं झबलं शिवायचं नाव तुम्ही काढलं नाहीत. नैवेद्याची जागा मात्र बदलावी लागली. त्याचं तुम्हाला वाईट वाटलं. पुढच्या वर्षी तुम्ही पान घेऊन गोठ्यामागे गेलात आणि मोठ्यानं म्हणालात, "आवं मामा, जागा बदललीया. घरात येऊ नगा, हितंच वाढलंय." मी दाराआडून ऐकत होते. पत्ता बदलल्याचं इतक्या अदबीनं कुणी पाहुण्यालाही कळवत नाही.

आणि ती सकाळची हाक. नवी नळी बसली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही काड्यापेटी हातात घेतलीत, थांबलात, आणि मला बोलावलंत. "ए पोरी, हिकडं ये. वास घे." मी ओट्याखाली वाकून वास घेतला आणि म्हटलं, काही नाही. मग तुम्ही काडी ओढलीत. पुढं तुम्ही होतात तोवर हा आपला नेम. घरातल्यांना वाटायचं, सासू सुनेला उगाच नाचवते. मामंजी एकदा म्हणालेही, "तिला कशाला हाळी मारती रोज? तुला नाक न्हाई का?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मी वाटी घासत राहिले. उंदराला मांजर साक्ष, दुसरं काय. तुमचा खोकला पुन्हा बळावला नाही, गॅस गेला नाही, आणि त्या हाकेपासून स्वयंपाकघर माझं झालं, हे तुम्हीही जाणत होतात. मी तेव्हा असं धरून चालले होते, की अडचण होती म्हणून तुम्ही हाक मारली, त्यात काय मोठंसं.

आज दुपारी जाळी बसवली. नळी भिंतीला बांधली, मशीन लावून बघितलं, एक थेंब गळला नाही. सून म्हणाली, "आई, तुम्हाला सगळं येतं." तेवढं ऐकून मी हा कागद घेऊन बसले. पाठवायचा कुठं, तुमचा बदललेला पत्ता मला कुणी कळवलेला नाही.

तर ऐका. दूध माझ्या हाताच्या अंतरावर करपत होतं, आत्याबाई, आणि मला वास आला नाही. साथीच्या वर्षी ताप आला होता तेव्हा नाक गेलं, ते परत आलंच नाही. घरात सगळ्यांना मी कधीच सांगून टाकलंय, की आलं. मघाशी तिन्हीसांजेला देवापुढे बसले, काडी काढली आणि थांबले. सुनेला हाक मारली. ती दारात येऊन उभी राहिली, "काय आई?" तुम्ही म्हणायचात ते दोन शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी तिला विचारलं, चहा घेतेस का.