उलटी चालवलेली फिल्म

४ ऑक्टोबर १९७४
मुंबईहून फिल्म सोसायटीसाठी डबा आला. पोलंडची कार्टून फिल्म. नऊ मिनिटं, एक शब्द नाही. विषय : प्रेम आणि ताटातूट. शुक्रवार पेठेत हे समजणारा माणूस एकच. बाकीच्यांसाठी मी माईकवर कॉमेंटरी देणार.
संकल्प : हेमावतीचा विचार करायचा नाही.

५ ऑक्टोबर
हेमावती नागपंचमीला माहेरी, कुंभारीला गेली ती अजून तिथंच. कारण काय, तर ती जेवण वाढत असताना सोसायटीच्या चार मेंबरांसमोर मी तिला अडाणी म्हणालो. अडाण्याला अडाणी नाही तर काय म्हणायचं? सासऱ्यांचा निरोप : जावयानं स्वतः येऊन न्यावं, पोरगी लगेच निघंल. हॅट्! बायकोला एकदा न्यायला गेलं की जन्मभर जावं लागतं.

८ ऑक्टोबर, सकाळी
दूध उतू गेलं. नवा प्लॅन. हेमावतीला पोस्टानं दोन पास. ताटातूट बघितली की रडत घरी येईल.

१२ ऑक्टोबर
ट्रायल. सुरुवात हुकली, मेंबरांना खुर्च्यांवरून झापत होतो. शेवट भलताच. बाई ट्रेनमध्ये बसून जाते, बाप्या प्लॅटफॉर्मवर उभा. खलास! हे बघून हेमावती कशाला येतीय? ऑपरेटर येडूमामा म्हणाले, मशीनला रिव्हर्स हाय, उलटी चालवू की. चालवली. ट्रेन मागं आली, बाई उतरली, बाप्याच्या गळ्यात पडली. वा! तेवढ्यात लाईट गेली. पुढचं बघायची गरजही नव्हती. शब्दच नाहीत, कुणाला काय कळतंय? त्या पोलंडवाल्यापेक्षा माझा शेवट लई भारी.

१८ ऑक्टोबर
मेव्हणा सिद्धप्पा बाजारात भेटला. म्हणाला, दाजी, तुमी एकदा या की, ताई पिशवी भरून बसलीया. मी म्हणालो, पास पाठवलेत, पुरे.

२१ ऑक्टोबर
काल शो. हॉल फुल्ल. हेमावती तिसऱ्या रांगेत, मांडीवर कपड्यांची पिशवी. म्हणजे राहायलाच आलेली! प्लॅन सक्सेस. माईकवर सांगितलं, चूक कळली की बाई कशी मुकाट परत येते बघा. मिठी झाली. टाळ्या. मी आभार मानत बसलो आणि फिल्म पुढं चालूच. बाप्यानं बाईच्या बोटातली अंगठी काढून खिशात घातली. बाईनं फुलं त्याच्या हातात दिली. दोघं उलट्या पावलांनी दोन टोकांना गेली. शेवटी रस्त्यावर बाई एकटी. आणि हसत होती हो!
हेमावती उठली. येडूमामांना विचारलं, असं लग्नाच्या आदीपर्यंत मागं जाता येतंय व्हय? मग पिशवी घेऊन सरळ दाराबाहेर. मला वाटलं घरी गेली. घराला कुलूप.
चूक येडूमामांची. वेळेवर बंद करायला नको?

२७ ऑक्टोबर
दसरा एकट्यानं. आज सिद्धप्पा आला. तिची ट्रंक नेली. तिची जोडवी पासच्या कागदात गुंडाळून टेबलावर ठेवली. दाजी म्हणाला नाही, भीमाशंकरराव म्हणाला. मी म्हटलं, उद्या मी स्वतः येतो न्यायला. म्हणाला, आता नका येऊ, ताईनंच सांगितलंय.
तो गेल्यावर रडलो. कुणी बघितलं नाही.
संध्याकाळी स्टँडवर जाऊन कुंभारीच्या एस.टी.ची चौकशी केली. पहिल्यांदाच. अर्ध्या तासाचा रस्ता आहे.