लॉकलनच्या मरणाची नोंद

प्रिय लॉकलन,

तुझं पत्र दारूच्या जहाजावरच्या खलाशाबरोबर पोचलं. फ्लान मास्तरांनी वाचून दाखवलं. हे पत्रही तेच लिहून घेताहेत, आणि मी भरभर बोलते म्हणून कुरकुरताहेत. तिकडे समुद्रापार लूव्हेनच्या मठात आपल्या देशाची बखर उतरवून घेताना तुला स्वतःच्याच मरणाची नोंद सापडली, आणि तू पोट धरून हसलास म्हणे. ‘ही ओळ खोडली की मी जिवंत,’ असं लिहिलंस. मास्तरही हसले. मला काही हसू आलं नाही.

इकडे बरं चाललंय. आमच्या घरधन्याचे, फेलिमचे, गुडघे गेलेत, जीभ तेवढी शाबूत आहे. दूधदुभतं भरपूर, ओटाचं पीक मात्र पावसानं आडवं झालं. लोणी बोटानं चाटायचास तू, आणि शिव्या खायचा आमचा डोनल. सरदाराचं लेकरू दुसऱ्याच्या घरी वाढवायचं, ही आपली रीत, म्हणून तू आमच्याकडे आलास. पण तुम्हा दोघांना एका घोंगडीत झोपवताना कोण कुणाचं हे मी कधी पाहिलं नाही.

तुझ्या वडिलांनी बंड केलं तेव्हा इंग्रज शिपाई त्यांचा मुलगा ओलीस न्यायला आले. तुला फेलिमच्या भावानं आधीच डोंगरात नेलं होतं. “सरदाराचा पोर कुठाय?” शिपायानं विचारलं. चुलीपाशी डोनल बसला होता. “हा काय,” फेलिम म्हणाला. सांभाळायला घेतलेलं लेकरू देऊन टाकणं त्याच्यानं झालं नसतं. माझ्यानंही. मी तोंड उघडलं नाही. डोनलनं वाटेत खायला भाकरी मागितली, तेवढंच.

डब्लिनच्या किल्ल्यात त्याच हिवाळ्यात तो तापानं गेला. बखरकाराच्या कानावर गेलं ते असं, की सरदाराचा मुलगा लॉकलन कैदेत वारला. तुला आम्ही सांगितलं, डोनल स्पेनच्या फौजेत गेला. तू अजून प्रत्येक पत्रात त्याची चौकशी करतोस, आणि मी मास्तरांना काहीबाही लिहायला लावते. फेलिमनं मला शपथ घातली होती. काल तुझं पत्र ऐकून त्यानंच ती मागे घेतली.

म्हणून लिहिते आहे. ती ओळ खोडू नकोस, बाळा. फक्त तुझं नाव काढ आणि तिथे डोनलचं घाल, फेलिमचा मुलगा म्हणून. मास्तर आत्ता म्हणाले, “अहो सोरखाबाई, बखरीत सरदार असतात, बिशप असतात. गुरंवाल्याच्या पोराला तिथे कोण जागा देणार?” मी म्हटलं, नवी जागा मागतंय कोण, मास्तर? त्या ओळीत पहिल्यापासून तोच आहे.

तुझीच,
सोरखाआई